घोड्याच्या सामानाची लाकडी पेटी घरी बनवायची तर

माझी पहिली पेटी अजून तबेल्यातच आहे, कारण ती कुणाला हलवताच येत नाही. १८ एमएम प्लाय, सव्वा मीटर लांबी, वरून जाड लाकडी पट्ट्या, पितळी कोपरे, दिसायला असली राजेशाही की विचारू नका, आणि रिकामीच पन्नास किलोच्या आसपास. शिवाय मी मोठ्या हौसेने झाकण एकदम हवाबंद बसवलं होतं, त्यामुळे दोन महिन्यांत खोगिरावर पांढरी बुरशी. म्हणजे सुतारकाम फर्स्टक्लास आणि पेटी बेकार. दुसरी केली ती या दोन चुका समोर ठेवून, आणि खाली जे लिहितोय ते त्या दुसऱ्या पेटीचं आहे. सुतारकाम यात फार नाही, करवत सरळ चालवता आली आणि ड्रिल धरता आलं की शनिवार-रविवारात सांगाडा उभा राहतो, रंगाला वाळायला लागतील ते दिवस वेगळे.

आधी लाकूड आणायला पळू नका, आधी सामान जमिनीवर मांडा. खोगीर, तंग म्हणजे खोगीर कसायचा पोटाखालचा पट्टा, रिकिबी, लगाम, म्होरकी, घोड्याच्या पायांची बँडेज आणि बूट, खरारा-ब्रश, खूर साफ करायचं हुक, चामड्याचा साबण, सगळं. मांडल्यावर कळतं की यातलं अर्धं वर्षभरात हाताला लागलेलं नाही, ती नुसती खोगीरभरती आहे, ती पेटीत जायची गरजच नाही. उरलं त्याची मापं घ्या. आणि इथं एक गंमत लक्षात ठेवा, इंग्लिश खोगिरावर १७ किंवा १७.५ इंच लिहिलेलं असतं ते सीटचं माप, पुढच्या बाजूच्या खिळ्यापासून मागच्या उंचवट्याच्या मधोमध घेतलेलं. खोगिराची खरी लांबी त्याच्यापेक्षा जास्त असते, खालच्या गाद्या धरून, त्यामुळे लेबल वाचून पेटी आखली तर खोगीर आत तिरकं बसतं. टेप घ्या आणि तीन मापं लिहा: पुढून मागे एकूण लांबी, दोन्ही फ्लॅप, म्हणजे बाजूंना लोंबणारे चामड्याचे पडदे, लटकत असताना रुंदी, आणि सर्वात उंच टोकापासून फ्लॅपच्या खालच्या कडेपर्यंत उंची. ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या कवायतीचं खोगीर असेल तर फ्लॅप लांब असतात, उंचीला नीट जागा सोडा. वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचं खोगीर असेल तर सरळ सांगतो, ते पेटीत घालायच्या भानगडीत पडू नका, ते मोठंही असतं आणि वजनाला १५ किलोच्या पुढे सहज जातं, त्याला वेगळा स्टँड करा आणि पेटीत बाकीचं ठेवा.

माझं माप बाहेरून ९०० एमएम लांब, ५५० खोल, ६०० उंच, यात झाकणही आलं. हे माप आकाशातून पडलेलं नाही, ८ बाय ४ फुटांच्या म्हणजे २४४० बाय १२२० एमएमच्या एका १२ एमएम शीटमध्ये पेटीच्या सहाही बाजू बसल्या पाहिजेत असं धरून काढलंय. पुढची-मागची बाजू ९०० बाय ५७६ चे दोन, आडव्या म्हणजे डाव्या-उजव्या बाजू ५२६ बाय ५७६ चे दोन, वरचा आणि तळाचा ९०० बाय ५५० चे दोन. शीटवर ५७६ रुंदीची पहिली लांब पट्टी काढा, त्यात पुढची, मागची आणि एक आडवी बाजू ओळीने बसते, बेरीज २३२६. दुसऱ्या पट्टीत उरलेली आडवी बाजू, वरचा आणि तळ, बेरीज परत २३२६. करवतीच्या पात्यात प्रत्येक कापाला २-३ एमएम जातातच, तेवढी जागा उरते. तुमचं खोगीर मोठं असेल तर मापं बदला, पण कागदावर शीट आखून मगच बदला, नाहीतर एका तुकड्यासाठी अख्खं दुसरं शीट आणावं लागतं.

१२ एमएम पुरतं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पुरतं, फक्त कोपऱ्यांत आतून ३० बाय ३० च्या रिपा द्यायच्या. १२ एमएमचं पूर्ण शीट जातीनुसार २० ते २५ किलो भरतं, १८ चं तीसच्या वर, आणि पेटीला खरी ताकद मधल्या फळीतून येत नाही, ती सांध्यातून येते. प्लाय घेताना पाण्याला टिकणारा गोंद वापरलेला घ्या, मरीन किंवा वॉटरप्रूफ ग्रेड, कारण तबेल्यात जमीन धुतली जाते आणि पेटीचा खालचा भाग कायम दमट असतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड दुकानात कितीही गुळगुळीत दिसले तरी नको, कडेतून पाणी प्यायलं की फुगतात आणि मग स्क्रू धरत नाहीत. पाइनच्या सलग फळ्यांची पेटी सुंदर होते पण फळी हवेप्रमाणे फुगते-आकसते, तिला ते सोसेल असे सांधे करता आले पाहिजेत, पहिल्या पेटीला नको तो खटाटोप.

बाकी सामान असं: ३० बाय ३० च्या रिपा १० मीटर, ३५ एमएमचे स्टीलचे न गंजणारे स्क्रू दीडेकशे, वॉटरप्रूफ सफेद ग्लू, ९०० लांबीची पियानो बिजागरी म्हणजे अख्ख्या लांबीची एकच सलग बिजागरी, झाकण अडवायला सपोर्ट किंवा साखळी, दोन दणकट हँडल, कडी-कोयंडा, ७५ किंवा १०० एमएमची चार चाकं त्यातली दोन ब्रेकवाली, बारीक स्टीलची जाळी, पार्टिशनला १२ एमएमचा आणि ट्रेला ९ एमएमचा छोटा प्लायचा तुकडा. स्क्रू न गंजणारेच घ्या यावर मी अडून बसेन. चामडं कमावताना झाडाच्या सालीचं टॅनिन वापरलेलं असतं, दमट हवेत त्याला लोखंड लागलं की निळसर काळा डाग पडतो, आणि तो डाग सहजासहजी निघत नाही. माझ्या लगामावर एका साध्या लोखंडी खिळ्याचा असा डाग आहे, नेमका खिळ्याच्या डोक्याएवढा गोल.

कापताना बारीक दातांचं पातं लावा आणि कापायच्या रेषेवर मास्किंग टेप चिकटवा, म्हणजे वरचा थर उसवत नाही. हातातल्या सर्क्युलर सॉने कापत असाल तर प्लायची चांगली बाजू खाली ठेवा, कारण पातं खालून वर कापतं आणि वरची बाजू उसवते, हातकरवतीला उलटं, चांगली बाजू वर. चष्मा आणि मास्क घाला, प्लायच्या भुशात गोंदही असतो.

आता जोडणी. नुसत्या प्लायच्या कडेत स्क्रू मारू नका, थर फाटतात. आधी दोन आडव्या बाजूंच्या उभ्या कडांना आतून रिपा लावा, ग्लू आणि स्क्रू दोन्ही, मग पुढची-मागची बाजू त्या रिपांवर येते. प्रत्येक स्क्रूला वाट करायला आधी ३ एमएमचं पायलट होल, डोकं आत बसावं म्हणून तोंडाला पसरट काउंटरसिंक, आणि स्क्रू साधारण दर १२० एमएमवर. १२ ची फळी आणि ३० ची रीप मिळून ४२, स्क्रू ३५, म्हणजे टोक आत येत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण आत आलेलं एक टोक खोगिराची हजामत करायला पुरेसं असतं.

पण उभ्या रिपा वरपासून खालपर्यंत सलग लावायच्या नाहीत, आणि इथंच घोडं पेंड खातं. कारण पुढची युक्ती अशी आहे की आपण पेटी आणि झाकण वेगळं करणारच नाही, सहाही बाजूंचा बंद डबा करायचा आणि मग झाकण कापून काढायचं. वेगळं केलेलं झाकण तीन एमएम तरी इकडेतिकडे होतंच, कापून काढलेलं कधीच होत नाही. कापाची रेषा वरून १०० एमएमवर धरली तर त्या रेषेच्या वर-खाली दोन्हीकडे १८-२० एमएम जागा रिकामी ठेवा, तिथं रीप नको आणि स्क्रू तर अजिबात नको. म्हणजे खालच्या कोपऱ्यात ४३५ एमएमची रीप, वर झाकणाच्या भागात ४० एमएमचा तुकडा, आणि तळाला व माथ्याला चारही बाजूंनी आतून आडव्या रिपा, ज्यांच्यावर तळ आणि वरची फळी बसेल.

चार बाजू जोडल्या की ग्लू ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. ९०० बाय ५५० ला कर्ण साधारण १०५५ एमएम येतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे येणं महत्त्वाचं. एक जास्त आला तर त्या लांब कर्णाच्या टोकांना क्लॅम्प लावून हळूहळू आवळा, सारखे झाले की मग तळ ठोका. तळ एकदा बसला की सगळं जिथल्या तिथं पकडलं जातं. गुण्या लावून कोपरे तपासले तरी चालतं पण कर्णाची पद्धत जास्त खरं बोलते. मग वरची फळी, बाहेरून स्क्रू. झाला बंद डबा. या टप्प्याला घरातलं कुणीतरी येऊन विचारतंच की हा उघडणार कुठून, माझ्याकडे बायकोने विचारलं आणि मुलगा तर त्यावर बसून तबला वाजवून गेला.

एक दिवस ग्लू सुकू द्या. मग १०० एमएमवर चारही बाजूंनी पेन्सिलची रेष मारा आणि कापायच्या आधी झाकण व पेटी दोन्हीवर मागच्या बाजूला एक खूण करा, म्हणजे नंतर कुठली बाजू पुढची हे शोधत बसायला नको. पातं १४ एमएमच खोल ठेवा, फळी कापेल एवढंच. आधी दोन लांब बाजू कापा, मग कापलेल्या फटीत तेवढ्याच जाडीचे पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे तुकडे सरकवा आणि वरून टेप गुंडाळा, मग आडव्या बाजू. हे तुकडे नसतील तर शेवटच्या कापाला झाकण खाली दबतं, पातं पकडलं जातं आणि करवत मागे उसळते, तेव्हा कंटाळा करू नका. सर्क्युलर सॉ नसेल तर सरळ फळी क्लॅम्प करून हातकरवतीने कापता येतं, वेळ लागतो आणि दंड भरून येतात एवढंच. कापलेल्या कडा रंध्याने नाही, ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिशपेपरने सारख्या करा, रंधा प्लायच्या कडेचे थर उचकटतो.

झाकण सुटं झालं की मागच्या बाजूला झाकण आणि पेटी दोन्हीकडे कापाच्या कडेला अगदी लागून आतून एकेक आडवी रीप लावा, कोपऱ्यातल्या रिपांच्या मधे बसेल अशी, ८१६ लांबीची. बिजागरी यांच्यात पकडणार आहे, १२ एमएमच्या प्लायमध्ये नुसती पकडली तर झाकणाच्या ओढीने वर्षभरात ढिली होते. पियानो बिजागरी मी बाहेरून मागे लावतो, पेटी बंद ठेवून, मधोमध एक आणि दोन टोकांना एकेक स्क्रू आधी, उघडझाप करून बघायची, अडकत नाही ना खात्री झाली की बाकीचे. बाहेरून लावलेल्या बिजागरीचे स्क्रू कुणीही खोलू शकतं, म्हणून दोन टोकांना आणि मधे स्क्रूच्या जागी बोल्ट टाकून आतून नट आवळा. उरलेल्या तीन बाजूंना पेटीच्या आतून ६ एमएम जाडीची पट्टी चिकटवा, कडेच्या १० एमएम वर डोकावेल अशी आणि कोपऱ्यातल्या रिपांच्या अलीकडे थांबणारी. झाकण तिच्यावरून बसतं आणि धूळ, गवताचा भुसा, पाण्याचे शिंतोडे सरळ आत जात नाहीत. पट्टीची बाहेरची वरची धार घासून उतरती करा, झाकण गचके न खाता बसतं.

झाकण अडवणारा सपोर्ट ही फालतू गोष्ट वाटते, पण झाकणाचं वजन सहा-सात किलो भरतं आणि शेजारी घोडा दचकला की माणूसही दचकतो. साखळी झाकण मागे पडू देत नाही पण पुढे पडू देते, त्यामुळे साखळीपेक्षा लॉक होणारा किंवा गॅसवाला सपोर्ट बरा. गॅसवाला घेतलात तर झाकणाच्या वजनाला जुळणारा घ्या, जास्त ताकदीचा घेतला तर झाकण बंदच राहत नाही, आपणच त्याच्यावर बसून कडी लावायची वेळ येते. आपोआप बंद होणारं लॅच नको, विशेषतः तबेल्यात लहान मुलं येत असतील तर. कडी-कोयंडा बाहेरून हाताने लावायचा तोच ठीक.

आता हवा. माझ्या मते अख्ख्या पेटीत हाच भाग डोक्याचा आहे, बाकी ठोकाठोकी. चामडं घोड्याच्या घामाने आणि साबणाने कायम थोडं ओलं असतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, हवा हलत नसली, की बुरशी धरते. बंद पेटीत एक ओलसर तंग ठेवला की बाकी सामानाची वाट लागायला तेवढा पुरतो. म्हणून डाव्या आडव्या बाजूला खाली तीन आणि उजव्या बाजूला वर तीन, २५ एमएमची भोकं पाडा, म्हणजे हवा तिरकी खेळते. सगळी भोकं एकाच उंचीवर पाडली तरी काही नसण्यापेक्षा बरं, पण तळाची हवा तशीच पडून राहते. प्रत्येक भोकावर आतून स्टीलची जाळी, डोळे ५ एमएमपेक्षा बारीक, कारण लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट बास होते आणि घामाचं मीठ मुरलेलं चामडं त्याला आवडतं. जाळीची कापलेली धार दुमडून पट्टीखाली घ्या. आणि पेटीत घोड्याचा खाऊ ठेवू नका हो, गाजर विसरलं तर चार दिवसांत वासच सांगतो, पण दाण्याची पिशवी ठेवली तर उंदीर जाळीच्या ऐवजी फळीच कुरतडायला घेतात.

आतली मांडणी. डावीकडून ५८० एमएमवर एक उभं पार्टिशन, खालच्या रिपांवर बसेल असं कोपऱ्यांना खाच देऊन. मोठ्या कप्प्यात खोगीर, उरलेल्या २८४ एमएमच्या कप्प्यात बाकी सगळं. खोगिराला तळावर ठेवायचं नाही, फ्लॅप दुमडतात आणि गाद्या चपट्या होतात. दोन फळ्या, प्रत्येकी १०० रुंद, घराच्या कौलासारख्या उतरत्या जोडा, पण माथ्याला दोघींत ५० एमएमची फट ठेवा, म्हणजे वजन गाद्यांवर येतं आणि मधल्या पोकळीत हवा जाते. एक टोक पार्टिशनच्या खाचेत, दुसरं डाव्या बाजूला लावलेल्या ठोकळ्यावर, खिळे नको, सुटं ठेवा, साफ करायला काढता आलं पाहिजे. याची उंची किती, तर खोगीर एखाद्या दांडीवर ठेवून पोकळीच्या आतून फ्लॅपच्या खालच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यात ४० एमएम मिळवा, तेवढ्यावर माथा. मग खोगीर ठेवून झाकण बंद करून बघा, फिक्स करायच्या आधी. खोगिराचं टोक झाकणाच्या पोकळीत गेलं तरी हरकत नाही, ती जागा त्यासाठीच आहे, फक्त घासायला नको.

लगामाला खिळा नको, एवढं एक लक्षात ठेवा. डोक्यावरून जाणारा पट्टा खिळ्यावर टांगला की तिथं कायमची घडी पडते आणि काही वर्षांनी नेमका तिथंच तडकतो. ११० एमएमच्या पीव्हीसी पाइपचा ८० एमएमचा तुकडा कापून अर्धा करा आणि पार्टिशनला स्क्रूने लावा, गोलाईवर पट्टा मस्त बसतो. रिकामा गोल डबा ठोकला तरी तेच काम होतं, बरेच जण तसंच करतात. लगामाचे लोंबते पट्टे गळ्याखालच्या पट्ट्यात गुंफून घ्या म्हणजे तळाला लोळत नाहीत.

छोट्या कप्प्यावर ट्रे. माझा पहिला ट्रे मी मोठ्या हुशारीने २७६ बाय ५१६ चा केला, कप्प्याच्या आतल्या मापाने, पॉलिशही केला, आणि घालायला गेलो तर कोपऱ्यातल्या रिपा आडव्या. कप्पा ५२६ असला तरी दोन रिपांच्या मधे ४६६ च उरतात हे डोक्यात आलंच नाही. शेवटी दुसरा केला, २६८ बाय ४५६, ९० उंच, आणि पहिला ट्रे आता घरात चपलांखाली आहे. ट्रे टेकायला पार्टिशनवर आणि समोरच्या भिंतीवर १८ एमएमच्या पट्ट्या. ट्रेच्या दोन टोकांना हात जाईल अशी लांबट भोकं पाडा. ट्रेमध्ये रोजचं, म्हणजे ब्रश, खरारा, हुक, रबर बँड, कात्री, आणि खाली बूट, बँडेज, जादाचा तंग. चामड्याचं तेल आणि साबण मात्र झाकणाच्या डब्यात, ट्रेच्या कोपऱ्यात उभे, तेल आडवं झालं की पहिलं बँडेज पितं.

चाकं लावायच्या आधी तळाला बाहेरून ज्या जागी चाकं येणार तिथं आतल्या बाजूने प्लायचे चौकोनी तुकडे चिकटवा आणि बोल्ट आरपार घ्या, आतून रुंद वायसर आणि नट. चाकाला नुसता स्क्रू मारला तर दगडाला अडकल्याबरोबर उपटून येतो. जमीन खडबडीत असेल तर १०० एमएमची रबरी चाकं, बारीक चाकं मातीत रुततात. ट्रेलरमधून न्यायची असेल तर ब्रेकवर विसंबू नका, पट्ट्याने बांधा. हँडलही बोल्टनेच, आणि उंचीच्या मध्यापेक्षा वर लावा, खाली लावली तर उचलताना पेटी पालथी व्हायला बघते. पेटी ज्या रस्त्यावर ठेवणार तिथून घोडे जात असतील तर बाहेर आलेली हँडल नको, आत बसणारी किंवा दोरीची करा, आणि सगळे कोपरे-कडा ५-६ एमएम गोल घासून काढा. तबेल्यातला मोतद्दार पेटी बघून पहिल्यांदा कडांवरूनच हात फिरवतो, त्याला कारण आहे.

फिनिशिंगला लोक कंटाळतात आणि पेटी तिथंच मार खाते. स्क्रूची तोंडं लांबीने म्हणजे पुट्टीने भरा, १२० मग १८० मग २४० चा पॉलिशपेपर, भुसा ओल्या फडक्याने पुसून घ्या. प्लायच्या उघड्या कडा आणि तळाची खालची बाजू यांना बाकीपेक्षा एक हात जास्त, पाणी तिथूनच शिरतं. बाहेरून प्राइमर आणि दोन हात चांगला रंग, किंवा लाकूड दिसायला हवं असेल तर पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे तीन हात, मधे ३२० ने हलकं घासून. घोडे लाकूड कुरतडतात, तेव्हा शिसं नसलेलाच रंग घ्या, आणि पेटी घोड्याच्या तोंडापासून लांब ठेवा ते वेगळं.

आतून मात्र तेल लावू नका. जवसाचं तेल वगैरे बाहेर छान दिसतं, पण बंद पेटीत त्याचा वास महिनोन्महिने जात नाही आणि तो चामड्यात मुरतो. आतून चपडा लाखेचं पॉलिश किंवा पाण्यावरचं पीयू, दोन हात. बाहेरून जवसाचं तेल वापरलंच तर ती तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती सुकताना स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात, आणि आपण सुक्या गवताच्या गंजीशेजारी उभे आहोत. फडकी उघड्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.

रंग हाताला सुकला म्हणजे झालं असं नाही. झाकण उघडं ठेवून पेटी आठवडाभर तरी सावलीत, हवेशीर जागी पडू द्या, आत डोकं घालून वास घ्या, वास येत असेल तर अजून थांबा. लोकरीच्या झुली ठेवणार असाल तर तळाला देवदाराच्या पातळ फळ्या सुट्या टाकता येतात, कसर जरा लांब राहते, वास गेला की फळ्या हलक्या घासायच्या. ओलावा फार असेल तर रंग बदलणारं सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा, नारिंगी असतं ते हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० डिग्रीच्या आसपास तापवून परत वापरता येतं. पण जेल ठेवलं म्हणून घामाने भिजलेली खोगिराखालची सुटी गादी आत टाकायची नाही, ती आधी बाहेर वाळवायची. चामडंही पुसून, सावलीत सुकवून मगच.

महिनाभराने पेटी एकदा पूर्ण रिकामी करा. बिजागरीचे आणि चाकांचे नट परत आवळा, नव्या लाकडात ते थोडे ढिले होतातच. भोकांच्या जाळीत गवताचा भुसा अडकलेला असतो, तो जुन्या ब्रशने काढा. तळाच्या मागच्या कोपऱ्यात हात लावून बघा, थंड-ओलसर लागला तर पेटी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आणि शीटमधून उरलेली ती साठेक एमएम रुंदीची लांब पट्टी फेकू नका, तिचे तुकडे करून झाकणाच्या आतून लावले की इलॅस्टिक ताणून चाबूक आणि हातमोजे अडकवायला जागा होते.